आर्थर वेलस्ली : असईचे रणांगण, डाउनिंग स्ट्रीट आणि ठाण्याचा तुरुंग

प्रास्ताविक

इंग्लंडच्या इतिहासात आर्थर वेलस्ली म्हणजेच ड्यूक ऑफ वेलिंग्टन याचे नाव प्रामुख्याने १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईशी जोडले जाते. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकांतून तो भेटतो तो नेपोलियनचा पराभव करणारा सेनापती म्हणून. मराठ्यांच्या इतिहासात त्याचा उल्लेख येतो तो दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील 'जनरल वेलस्ली' म्हणून. हा सेनापती २२ जानेवारी १८२८ ते १६ नोव्हेंबर १८३० या काळात इंग्लंडचा पंतप्रधान होता. त्याच्या या कारकिर्दीत मुंबई इलाख्यात, विशेषतः ठाणे आणि पुणे येथे, एक मूलभूत कायदेशीर संघर्ष उभा राहिला. या बाबीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. सेनापती आणि पंतप्रधान या दोन भूमिका स्वतंत्रपणे अभ्यासण्याची प्रथा पडली आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्या एकत्र पाहणे आवश्यक ठरते.

पूर्वायुष्य

आर्थरचा जन्म १७६९ मध्ये आयर्लंडमधील एका प्रॉटेस्टंट सरदार घराण्यात झाला. ईटन येथील शाळेत तो चमकला नाही. पुढे फ्रान्समधील आंजे येथे त्याने अश्वारोहणाचे शिक्षण घेतले आणि १७८७ मध्ये तो लष्करात दाखल झाला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हुद्दे पैसे भरून मिळत. घराण्याच्या वजनामुळे १७९३ मध्येच तो ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. फेब्रुवारी १७९७ मध्ये तो कलकत्त्यास उतरला. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला. आर्थरच्या उत्कर्षात या नात्याचा वाटा मोठा होता, हे त्याच्या चाहत्या चरित्रकारांनाही नाकारता आलेले नाही. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथील कारभार त्याच्याकडे सोपविण्यात आला. १८०० मध्ये त्याने धोंडिया वाघाचा पाठलाग करून त्याचा नाश केला. या मोहिमेत मराठी फौजेशी सहकार्य करण्याचा, मुलूख ओळखण्याचा आणि रसद सांभाळण्याचा जो अनुभव त्याला मिळाला, तो तीन वर्षांनी थेट दख्खनमध्ये उपयोगी पडला.

वसईचा तह आणि दख्खनची मोहीम

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकराने पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला आणि अखेर इंग्रजांच्या आश्रयाने वसईस पोहोचला. तेथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेल्या तहाने त्याने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देण्याचे मान्य केले. त्या वेळी ठाणे व साष्टी हे १७७४ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते, तर खाडीच्या वरच्या अंगाला असलेले कल्याण पेशव्यांकडे होते. म्हणजे मराठी राज्याचे स्वातंत्र्य ज्या कागदावर संपुष्टात आले, तो कागद या दोन सत्तांच्या सरहद्दीवरच लिहिला गेला.

तहाची अंमलबजावणी करण्याचे काम आर्थर वेलस्लीकडे आले. मार्च १८०३ मध्ये तो म्हैसूरच्या सरहद्दीवरून निघाला. अमृतराव पुणे जाळणार अशी वार्ता आल्यावर अखेरचे सुमारे साठ मैलांचे अंतर त्याने घोडदळासह बत्तीस तासांत कापले आणि २० एप्रिल रोजी पुणे गाठले. १३ मे रोजी बाजीराव पुन्हा मसनदीवर बसला. शिंदे व भोसले यांच्याशी चाललेल्या वाटाघाटी फिसकटताच ऑगस्टच्या प्रारंभी युद्धाला तोंड लागले. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला.

वेलस्लीच्या यशाचे रहस्य शोधताना बहुतेक ग्रंथकार त्याच्या रणकौशल्याकडे वळतात. प्रत्यक्षात ते बैलांच्या खुरांत होते. म्हैसूरच्या चपळ बैलांची जोपासना, बंजाऱ्यांच्या तांड्यांकडून होणारा धान्यपुरवठा, मुंबईहून पनवेलमार्गे घाटावर चढणारी सामग्री आणि नद्या ओलांडण्यासाठी कातड्याने मढवलेल्या टोपलीवजा होड्या या साऱ्यांकडे तो स्वतः लक्ष देई. पावसाळ्यात मोहीम काढण्याचा त्याचा निर्णय याच हिशेबावर आधारलेला होता. भरलेल्या नद्या मराठी घोडदळाला अडवतील आणि होड्या बाळगणाऱ्या फौजेला मोकळी वाट देतील, असा त्याचा कयास होता. पुढे स्पेनमध्ये फ्रेंच फौजा लुटीवर जगत असताना वेलिंग्टनची फौज पुरवठ्यावर जगली. त्या पद्धतीची शाळा दख्खनमध्येच होती.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व भोसले यांच्या फौजेशी त्याची अकस्मात गाठ पडली. केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात मराठ्यांची छावणी होती. शंभरावर तोफा, पोलमान या अधिकाऱ्याच्या हाताखालील कवायती पायदळ आणि प्रचंड घोडदळ असे हे बळ होते. वेलस्लीजवळ सुमारे सात हजार सैन्य होते. नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. परंतु दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहून त्याने तेथे उतार असलाच पाहिजे असे अनुमान केले आणि ते खरे ठरले. शेजारगावांचा रोजचा संबंध लक्षात घेऊन केलेले हे अनुमान त्याच्या बुद्धीचा उत्तम नमुना मानावा लागेल. दुसरीकडे, शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांनी मेल्याचे सोंग घेऊन, इंग्रजी रांग पुढे सरकताच पुन्हा तोफा डागल्या. इंग्रजांकडील ४२८ जण ठार आणि ११३८ जखमी झाले. एकंदर फौजेच्या प्रमाणात ही हानी भयंकर होती. विजयानंतर ९८ तोफा त्यांच्या हाती आल्या. आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम लढाई कोणती, या प्रश्नाला वेलिंग्टनने उतारवयात दिलेले उत्तर असई हेच होते. हे उत्तर इंग्रज चरित्रकार कौतुकाने सांगतात, परंतु त्यात शिंद्यांच्या तोफखान्याला मिळालेली दादही आहे. ती मराठी वाचकाने मोजून घ्यावी.

२९ नोव्हेंबरला अडगाव येथे आणि १५ डिसेंबरला गाविलगड येथे मराठी फौजांचा पुन्हा पराभव झाला. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा तह झाला. लागोपाठच्या फौजांच्या वावराने आणि अवर्षणाने दख्खनमध्ये १८०३-०४ मध्ये भीषण दुष्काळ पडला. अहमदनगर येथे वेलस्लीने अंगमेहनत करू शकणाऱ्यांना काम व दुबळ्यांना अन्न देण्याची व्यवस्था केली. ही व्यवस्था स्तुत्य होती. ज्या उपासमारीवर तो उपाय करत होता, तिला त्याच्याही मोहिमेने हातभार लावला होता, ही नोंद तिच्याबरोबरच करावयास हवी.

याच काळात त्याच्या छावणीत दोन तरुण मुत्सद्दी वावरत होते. पहिला जॉन माल्कम आणि माल्कम आजारी पडल्यावर त्याच्या जागी आलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हे दोघेही पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. १८०४ मध्ये ग्वाल्हेरच्या ताब्यावरून वाद झाला, तेव्हा वेलस्लीने माल्कमला लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता की, दिलेल्या शब्दाची पत राखण्यासाठी ग्वाल्हेर दहा वेळा सोडावे लागले तरी चालेल. हे पत्र पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरते.

पंतप्रधानपद

मार्च १८०५ मध्ये वेलस्लीने हिंदुस्थान सोडला. स्पेन-पोर्तुगालमधील मोहिमा, १८१४ मधील ड्यूकपद आणि वॉटर्लू हा भाग सुपरिचित असल्याने येथे त्याचा विस्तार केलेला नाही. १८१८ नंतर तो मंत्रिमंडळात आला आणि जानेवारी १८२८ मध्ये पंतप्रधान झाला. सैन्यात हुकूम दिला की तो पाळला जातो. मंत्रिमंडळात मात्र सहकारी हुकमावर चर्चा करतात, याचे त्याला अखेरपर्यंत नवल वाटत राहिले असावे. त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे कार्य म्हणजे १३ एप्रिल १८२९ रोजी संमत झालेला कॅथलिक मुक्तीचा कायदा. आयर्लंडमधील बहुसंख्य कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडून देणारा हा कायदा त्याने स्वपक्षाचा विरोध पत्करून केला. त्यासाठी लॉर्ड विंचिल्सीशी पिस्तुलाचे द्वंद्वही खेळले. तत्त्वापेक्षा यादवी टाळण्याचा व्यवहार त्यामागे होता, तरी कायद्याचे संरक्षण अधिक लोकांपर्यंत गेले हे निर्विवाद आहे.

ठाण्याचा तुरुंग व मोरो रघुनाथ प्रकरण

त्याच सुमारास मुंबईत वेगळेच नाट्य चालू होते. १८१७ च्या पुणे कराराने कल्याणसह उत्तर कोकण आणि १८१८ मध्ये देशावरचा मुलूख कंपनीकडे आला होता. मुंबई शहरासाठी इंग्लंडच्या राजाने नेमलेले सुप्रीम कोर्ट होते, तर बाहेरच्या मुलखात कंपनीच्या अदालती होत्या. मुंबईबाहेरच्या रयतेचे गाऱ्हाणे राजाच्या न्यायालयापुढे जाऊ शकते काय, हा प्रश्न अनुत्तरित होता. १८२८ मध्ये तो दोन अर्जांच्या रूपाने पुढे आला. ठाण्याच्या तुरुंगात असलेल्या बापू गणेश या कैद्याला हजर करावे, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम ठाण्याच्या जेलरवर बजावण्यात आला. दुसरा हुकूम पुण्यातील मोरो रघुनाथ या सुमारे चौदा वर्षांच्या मुलासंबंधी होता. पांडुरंग रामचंद्र या वजनदार नातलगाने त्याला डांबून ठेवल्याची तक्रार होती.

माल्कम या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता. असे हुकूम बाहेरच्या मुलखात बजावू नयेत, असे पत्र त्याने ऑक्टोबर १८२८ मध्ये न्यायाधीशांना पाठविले. न्यायाधीशांनी ते कोर्टाचा अवमान मानले. मुख्य न्यायाधीश वेस्ट ऑगस्टमध्ये वारला होता आणि चेंबर्स ऑक्टोबरमध्येच मरण पावला. एकटा उरलेला सर जॉन पीटर ग्रँट हट्टाला पेटला. मोरो रघुनाथासंबंधीचा हुकूम सरकार बजावू देत नाही, हे दिसल्यावर एप्रिल १८२९ मध्ये त्याने न्यायालयाचे दरवाजेच बंद केले.

लंडनमध्ये वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा कारभार पाहणारा लॉर्ड एलेनबरो माल्कमच्या बाजूने उभा राहिला. मुंबईस दोन नवे न्यायाधीश पाठवीत असताना त्याने माल्कमला एक खासगी पत्र लिहिले. दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये रानटी हत्ती चालवावा तसा ग्रँट आता चालवला जाईल, अशा आशयाची उपमा त्यात होती. हे पत्र वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले आणि त्याचा मोठा गवगवा झाला. न्यायाधीशांकडे सरकार कोणत्या दृष्टीने पाहते, हे यापेक्षा स्पष्ट शब्दांत क्वचितच सांगितले गेले असेल. प्रिव्ही कौन्सिलने १४ मे १८२९ रोजी निर्णय दिला. कंपनीच्या अदालतीच्या हुकमाने तुरुंगात असलेल्यांना सोडविण्याचा किंवा तेथील जेलरवर हेबियस कॉर्पस बजावण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टाला नाही, असे त्यात ठरले. ग्रँट पुढे कलकत्त्यास गेला.

दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. १३ एप्रिलला आयर्लंडच्या कॅथलिकांसाठी कायद्याचे दार उघडले आणि १४ मे रोजी ठाण्याच्या कैद्यासाठी ते बंद झाले. यात वेलिंग्टनचा वैयक्तिक दुष्टावा शोधणे अनैतिहासिक ठरेल. न्यायालयीन अधिकारांची सनद संदिग्ध होती आणि निर्णय प्रिव्ही कौन्सिलचा होता. माल्कमची बाजूही निखालस चुकीची नव्हती. नव्याने जिंकलेल्या मुलखात सरदार व इनामदार यांना मुंबईच्या इंग्रजी कोर्टात खेचले जाणार नाही, असा विश्वास एल्फिन्स्टनने त्यांना दिला होता, आणि तो मोडला तर असंतोष उसळेल, अशी त्याला भीती होती. येथे १८०४ चे ग्वाल्हेरसंबंधीचे पत्र आठवते. सरदारांना दिलेल्या शब्दाची पत राखली गेली. परंतु शब्द पाळला जावा अशी मागणी करण्याइतकी ज्याची पत नव्हती, त्या कोंडलेल्या मुलाचे आणि तुरुंगातील माणसाचे काय, हा प्रश्न असईच्या छावणीत घडलेल्या या पिढीपुढे कधी उभाच राहिला नाही. आयर्लंडचा कॅथलिक हा राजाचा प्रजाजन होता. कोकण-देशावरचा माणूस १८२९ मध्येही जिंकलेल्या मुलखाचा रहिवासी होता.

अखेरची वर्षे

२ नोव्हेंबर १८३० रोजी मतदानपद्धतीत कोणतीही सुधारणा आपण करणार नाही, असे वेलिंग्टनने पार्लमेंटमध्ये जाहीर केले. त्या एका भाषणाने त्याचे मंत्रिमंडळ कोसळले आणि १६ नोव्हेंबरला त्याने पद सोडले. त्याच आठवड्याच्या आगेमागे, १० नोव्हेंबर रोजी, माल्कमने बोरघाटातील गाडीरस्ता वाहतुकीस खुला केला. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या घाटातून वेलस्लीच्या फौजेची रसद कष्टाने वर चढत होती, तेथून आता चाकांची वाहने जाऊ लागली. डिसेंबरच्या प्रारंभी माल्कमनेही मुंबई सोडली. १८३४ मध्ये सुमारे तीन आठवडे काळजीवाहू म्हणून वेलिंग्टन पुन्हा पंतप्रधानपदी आला, एवढाच त्याच्या त्या पदाशी पुढचा संबंध.

१४ सप्टेंबर १८५२ रोजी त्याचे निधन झाले. पंतप्रधान असताना सप्टेंबर १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनास तो हजर होता. त्या दिवशी हस्किसन हा त्याचा माजी सहकारी इंजिनाखाली सापडून मरण पावला. त्याच्या मृत्यूनंतर सात महिन्यांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, मुंबईहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली.