आर्नहेमची पावसाळी रात्र आणि न पेटणारी मोटार

१/ २५ सप्टेंबर १९४४. नेदरलँड्समधील आर्नहेमजवळ, नेदरराइन नदीच्या उत्तर तीरावर ब्रिटिशांच्या पहिल्या हवाई डिव्हिजनचे उरलेसुरले सैनिक अंधार पडण्याची वाट पाहत होते. समोर नदी, तिन्ही बाजूंना जर्मन सैन्य आणि वरून मुसळधार पाऊस. त्या रात्री किती माणसे परततील, हे काही अंशी मोटारीतील एका ठिणगीवर अवलंबून होते. या धाग्यात त्या ठिणगीची गोष्ट पाहू.

२/ प्रथम पार्श्वभूमी. १७ सप्टेंबरला ‘मार्केट गार्डन’ मोहीम सुरू झाली. आर्नहेमचा पूल ताब्यात घ्यायचा आणि दक्षिणेकडून रणगाडे येईपर्यंत तो राखायचा, अशी योजना होती. रणगाडे वेळेवर पोहोचले नाहीत. सुमारे १०,००० जण उतरलेली ही फौज नऊ दिवसांत ऑस्टरबीक गावाभोवतीच्या चिंचोळ्या पट्ट्यात कोंडली गेली. अखेर माघारीचा आदेश निघाला. या माघारीचे सांकेतिक नाव होते ‘बर्लिन’.

३/ सैनिकांनी बुटांना चिंध्या गुंडाळल्या. झाडीतून नदीकडे जाणारी वाट पांढऱ्या फितींनी आखली. पैलतीरावरून ब्रिटिश आणि कॅनेडियन इंजिनिअर तुकड्या नावा घेऊन निघाल्या. काही नावा वल्ह्यांच्या होत्या. त्यांना प्रवाहाशी झगडावे लागे. कॅनेडियनांकडे मात्र ‘स्टॉर्म बोट’ होत्या : सपाट बुडाच्या प्लायवूडच्या नावा आणि मागे टांगलेली आउटबोर्ड मोटार. वेगाने जाणारी, पुन्हा लगेच परतणारी साधने हीच.

४/ ही मोटार तेव्हा फार जुनी नव्हती. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील मिलवॉकीत स्थायिक झालेल्या ओले इव्हिनरूड याने १९०९ साली आपली आउटबोर्ड मोटार बाजारात आणली. वजन ६२ पौंड, शक्ती अवघी दीड अश्वशक्ती. आरंभीच्या मोटारींना ठिणगीसाठी वेगळी बॅटरी लागे. काही वर्षांतच फ्लायव्हीलमध्ये बसवलेला मॅग्नेटो आला आणि बॅटरीचे ओझे सुटले.

५/ मॅग्नेटोचे काम असे चालते. दोरी ओढली की फ्लायव्हील फिरते. त्यातील चुंबक तारेच्या वेटोळ्यासमोरून, म्हणजे कॉइलसमोरून जातात आणि तिच्यात वीज निर्माण होते. नेमक्या क्षणी ‘पॉइंट’ उघडतात, प्रवाह तुटतो आणि दुसऱ्या, हजारो फेऱ्यांच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो. तो जाड तारेतून स्पार्क प्लगकडे जातो आणि तेथील फटीत ठिणगी पडते.

६/ यातच दुबळेपणाही दडलेला आहे. हजारो व्होल्टची वीज नेहमी सोपी वाट शोधते. तारेचे आवरण भिजले किंवा प्लगच्या चिनी मातीवर पाण्याचा थर बसला, की वीज बाहेरूनच इंजिनाच्या धातूत उतरते आणि आत ठिणगी पडत नाही. पावसाळ्यात आजोबांची जुनी स्कूटर किकवर किक मारूनही सुरू होत नसे, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असे. प्लग काढून, पुसून, पुन्हा लावणारे आजोबा आठवतात ना?

७/ आर्नहेमला तसेच घडले. त्या रात्रभरच्या पावसाने स्टॉर्म बोटींच्या मोटारी भिजून वारंवार बंद पडू लागल्या. आणखी एक पेच असा : मोटार पेटत नाही म्हणून दोरी ओढत राहावे, तर दर ओढीबरोबर तेलमिश्रित पेट्रोल सिलिंडरमध्ये जाते आणि प्लग आतूनही ओला होतो. हा दोष शांत गोदीत काही मिनिटांत दूर होतो. येथे तो अंधारात, वाहत्या पाण्यात आणि तोफांच्या व मशीनगनच्या माऱ्याखाली दूर करायचा होता.

८/ जुन्या मोटारी जपणारे लोक आजही दोष शोधताना ठरावीक क्रम पाळतात. प्लग काढून तो इंजिनाच्या धातूला टेकवतात, दोरी ओढतात आणि ठिणगी पाहतात. ती निळसर व जोमदार असेल, तर दोष इंधनात शोधायचा. फिकट पिवळी असेल किंवा मुळीच नसेल, तर आधी नवा, कोरडा प्लग लावून पाहायचा. मग जाड तार तपासायची. त्यानंतरच फ्लायव्हील उतरवायचे.

९/ फ्लायव्हीलखाली तीन संशयित असतात. पॉइंटवर गंज वा तेल साचते. ते स्वच्छ करून अंतर जुळवावे लागते. अनेक जुन्या अमेरिकन मोटारींत हे अंतर ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असते. कंडेन्सर निकामी झाला, तर पॉइंट जळू लागतात आणि ठिणगी क्षीण होते. तिसरी कॉइल : तिच्या आवरणाला काळानुसार तडे जातात, ओल आत शिरते आणि वीज तिथेच गळते.

१०/ पहाट झाली तेव्हा सुमारे २,४०० जण दक्षिण तीरावर पोहोचले होते. उजेडात शत्रूचा मारा नेमका होऊ लागल्यावर नावा थांबवाव्या लागल्या. सुमारे ३०० जण अजूनही उत्तर तीरावर होते. त्यांतील बहुतेक युद्धकैदी झाले. याचा दोष केवळ मोटारींना देता येणार नाही. प्रवाह, शत्रूचा मारा आणि अपुरी रात्र हीही कारणे होतीच. परंतु बंद पडलेल्या मोटारीमागे एक फेरी कमी होई, आणि एका फेरीत दहा-पंधरा माणसे असत.

११/ युद्धाच्या नकाशावर ही माघार एका छोट्या बाणाने दाखवतात. त्या बाणात ओल्या तारेवरून निसटलेली वीज दिसत नाही. मोटारीची दोरी पुन्हा पुन्हा ओढणारा, भिजलेला कॅनेडियन इंजिनिअरही दिसत नाही. एखाद्या संग्रहालयात जुनी आउटबोर्ड मोटार दिसली, तर तिच्या फ्लायव्हीलकडे क्षणभर पाहा. त्या रात्री पैलतीरावरचे लोक त्याच्याच आवाजाकडे कान लावून उभे होते.

(धागा समाप्त)