उसना पोत

चित्रकाराने स्वतःच्या हाताने न रंगवलेला, यंत्राने टिपलेला वा छापलेला पोत आपल्या चित्रात घ्यावा की न घ्यावा, हा वाद संगणकावर चित्रे काढणारी मंडळी आज मोठ्या हिरिरीने घालतात. परंतु या वादाचे दप्तर उघडून पाहिले, तर त्यातले जुने कागद संगणकाच्या कितीतरी आधीचे निघतात. १९१२ साली पाब्लो पिकासो याने एका लंबवर्तुळाकार चित्रात खुर्चीच्या वेताची वीण रंगवण्याऐवजी ती छापलेले मेणकापडच चिकटवून दिले, आणि त्याच वर्षी जॉर्ज ब्राक याने आविन्यॉनच्या दुकानातून लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद आणून तो आपल्या चित्रात बसवला. गंमत अशी, की ब्राक हा घरे रंगवणाऱ्या कारागिरांच्या घराण्यातला. ओल्या रंगावरून फणी ओढून साध्या फळीला उंची लाकडाचे रूप देण्याची विद्या त्याच्या हातात होती. ज्याला नक्कल बेमालूम साधत होती त्यानेच छापील कागद पत्करला, तेव्हा ही उसनवारी केवळ दुबळ्या हाताची सोय होती, असे म्हणण्याची मुभा आपल्याला उरत नाही.

चित्रपटाच्या धंद्यात हेच नाते उलट्या बाजूने जुळले. १९०७ साली नॉर्मन डॉन या अमेरिकनाने कॅलिफोर्नियातील जुन्या स्पॅनिश धर्ममठांचे चित्रण करताना कॅमेऱ्यापुढे काच उभी केली आणि पडझड झालेल्या छपरांच्या व कमानींच्या जागी नेमके बसतील असे भाग त्या काचेवर रंगवले. येथे छायाचित्रात चित्र शिरले, आणि शेजारच्या खऱ्या दगडाशी जुळवून घेण्याची जबाबदारी रंगावर आली. ही जबाबदारी तपशिलाच्या रेलचेलीने पार पडत नाही, हे या विद्येतल्या थोरांनी लवकर ओळखले. 'अर्थक्वेक' या १९७४ च्या चित्रपटासाठी उद्ध्वस्त लॉस एंजेलिस रंगवणाऱ्या अल्बर्ट व्हिटलॉक याची चित्रे जवळून पाहावीत तर नुसते मोकळे फटकारे दिसतात, आणि चार पावले मागे सरकताच तेथे उन्हे, धूर आणि अंतर उभे राहते. संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे प्रेक्षागृहातून पाहणाऱ्या आपल्या आजोबांना यात फारसे नवल वाटले नसते.

थॉमस व जॉन नोल या बंधूंची फोटोशॉप ही प्रणाली १९९० च्या फेब्रुवारीत विक्रीस आली. जॉन तेव्हा इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या चित्रपटांची दृश्यकरामत करणाऱ्या कंपनीत नोकरीस होता, आणि त्याच वर्षीच्या 'डाय हार्ड २' मधील अखेरच्या धावपट्टीच्या दृश्यात रंगवलेले चित्र व चित्रीकरण यांची सांधेजोड संगणकावर करण्यात आली. १९९४ साली या प्रणालीत 'लेअर' आले, म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर. माझ्या मते ती डॉनची काचच होय, फक्त आता ती हव्या तितक्या संख्येने आणि फुटण्याच्या धास्तीवाचून मिळू लागली.

मात्र काच स्वस्त झाली तशी उधळपट्टीही वाढली. दगडी भिंतीचा फोटो आणून चित्रावर अंथरला की भिंत झाली, अशा समजुतीने केलेल्या कामात दूरच्या बुरुजाची वीट जवळच्या माणसाच्या डोक्याएवढी दिसते, आणि क्षितिजावरचा डोंगर पायाजवळच्या खडकाइतकाच करकरीत राहून सगळे अंतर गिळून टाकतो. जाणता चित्रकार आधी स्वतःच्या रंगांनी उजेड-सावलीची जमाबंदी पुरी करतो. मग फोटोतला रंग काढून टाकतो, त्याची सरासरी मध्यम करड्यावर आणतो आणि तो 'ओव्हरले' पद्धतीने वर ठेवतो. या पद्धतीत मध्यम करडा खालच्या रंगाला मुळीच हात लावत नाही, तेव्हा फोटोतले फक्त खड्डे, चिरा आणि खरखर तेवढी चित्रात उतरते व प्रकाशावरचा अंमल चित्रकाराकडेच राहतो. त्यानंतर तो पोत सावलीत आणि दूरवर पुसट करतो, क्वचित पुन्हा कुंचल्याने झाकूनही टाकतो. हे सारे केले तरी फोटोत मूळच्या उन्हाने पाडलेली सावली काही सहजी पुसली जात नाही. म्हणून भिंती, खडक आणि गंजलेले पत्रे टिपण्यासाठी ही मंडळी लख्ख उन्हाचा नव्हे, ढगाळ दिवस निवडतात.