खिशात मावेल असं पिस्तूल

आज जरा वेगळा विषय. लेख थोडा लांबला आहे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात आमच्या ग्वाल्हेरात, लष्करमधल्या ओळखीच्या घरचा एक मुलगा भेटायला आला. प्लॉट-जमिनीचा व्यवसाय आहे. म्हणाला, "काका, लायसन्स मंजूर झालंय. रिव्हॉल्व्हर घेऊ की पिस्तूल? कुर्त्याच्या खिशात मावलं पाहिजे आणि कुणाला कळता कामा नये."

चंबळच्या आसपास राहणाऱ्यांना या प्रश्नाचं नवल वाटणार नाही. इकडे लग्नाच्या मांडवातही खांद्याला बंदूक दिसते. मी मात्र जन्मभर खातेवह्यांत रमलेला माणूस. माझा शस्त्राशी संबंध एवढाच, की कॅश न्यायची असली की बँकेचा गार्ड दुनाळी घेऊन जीपमध्ये पुढे बसायचा. पण खिशातल्या पिस्तुलावर मी निवृत्तीनंतर बरंच वाचलं आहे. त्याचं कारण आमच्या गावातच आहे. ते शेवटी सांगतो.

पूर्वी हाताचं शस्त्र म्हणजे रिव्हॉल्व्हर. इंग्रज अधिकाऱ्यांचं वेब्ली किलोभर वजनाचं, मधलं गोल चक्र जाडजूड. ते कमरेलाच लावायचं. खिशात घातलं तर कोट एका बाजूला ओघळणार. १९०० च्या सुमारास अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने हे बदललं. त्याचं पिस्तूल बेल्जियममध्ये एफएन कारखान्यात तयार होऊ लागलं. चपटं, सुमारे १७ सेंटिमीटर लांब, साधारण सव्वासहाशे ग्रॅम, मुठीतल्या खोक्यात सात गोळ्या. बाहेर घोडा नाही, म्हणून खिशातून काढताना कापडात अडकत नाही. गोळी ७.६५ मिलिमीटरची, म्हणजे पॉइंट बत्तीस. १९०६ मध्ये त्याहून छोटं निघालं. जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरचं, जाकिटाच्या खिशातलं.

सावकार, व्यापारी, रात्री-अपरात्री फिरणारे डॉक्टर यांनी स्वतःच्या रक्षणासाठी ही पिस्तुलं घेतली असतील. इतिहासात मात्र ती वेगळ्याच कामासाठी नोंदली गेली. १९०४ मध्ये हेलसिंकीला रशियाच्या गव्हर्नर जनरलवर गोळी सुटली ती याच ब्राउनिंगमधून. ऑक्टोबर १९०९ मध्ये हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुनने जपानच्या इतो हिरोबुमींना मारलं, तेही याच नमुन्याने.

आणि दोनच महिन्यांनी नाशिक. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती. इंडिया हाउसचा आचारी चतुर्भुज अमीन याच्या ट्रंकेच्या चोरकप्प्यातून ती मुंबईला आली. इतकी लहान होती म्हणूनच आली. वीस वेब्ली काही चोरकप्प्यात मावल्या नसत्या. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाचं 'शारदा' नाटक होतं. अनंत कान्हेरे हा अठराएक वर्षांचा मुलगा खिशात पिस्तूल घेऊन आत बसला होता. तो औरंगाबादला, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, चित्रकला शिकत होता. जॅक्सन आत येताच त्याने गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. आपण त्यांना हुतात्मे म्हणतो, म्हणावंच. पण जॅक्सनही संस्कृतचा अभ्यासक होता, हेही त्याच पानावर लिहिलेलं आहे.

आता आमच्या गावाचं.

२० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बिर्ला हाउसवरचा पहिला कट फसला. माफीचा साक्षीदार बडगे याने कोर्टात सांगितलं, की त्या दिवशी सकाळी हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत त्यांनी दोन रिव्हॉल्व्हर तपासून पाहिली होती. एकाचं चक्र फिरेना, दुसऱ्याची गोळी झाडापर्यंत पोचेना. म्हणून गोडसे आणि आपटे भरवशाचं लहान शस्त्र शोधत होते. फिर्यादी पक्षाचं म्हणणं असं, की २७ च्या रात्री ते दोघं रेल्वेने ग्वाल्हेरला आले, डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या घरी उतरले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पिस्तूल मिळालं. इटलीचं बेरेटा, १९३४ चा नमुना, नंबर ६०६८२४. पंधरा सेंटिमीटर लांब, सात गोळ्यांचं. गोळीसुद्धा ब्राउनिंगनेच १९०८ मध्ये बनवलेल्या मापाची. सारायेव्होला १९१४ मध्ये झाडली गेली ती याच मापाची. गोडसेने कोर्टात सांगितलं, की पिस्तूल दिल्लीच्या निर्वासित छावणीत घेतलं. विशेष न्यायालयाने ते न मानता परचुऱ्यांना जन्मठेप दिली. १९४९ मध्ये पूर्व पंजाब हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. कायद्याचा हिशोब तिथे संपला.

गावाचा संपला नाही. माझा जन्म त्यानंतरचा. वडील संस्थानच्या हिशेब खात्यात होते. ते सांगायचे, ३० जानेवारीनंतर कित्येक दिवस आई बाजारात मराठी बोलत नसे. तिकडे सातारा-कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जळत होती. इकडे आमच्या गल्लीत कुणी काही केलं नाही, पण प्रत्येक जण प्रत्येकाकडे बघून मनात विचारत होता, 'तुला माहीत होतं का?' वडील म्हणायचे, "पिस्तूल एकाच्या खिशात होतं, पण झडती सगळ्यांच्याच मनाची झाली." हे ते मोठ्याने कधी बोलले नाहीत. मीही आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. त्याला वाटलं, काका विषय टाळतायत. म्हणून व्यवहाराचंही सांगितलं. नागरिकाला साधारणपणे पॉइंट बत्तीसच मिळतं. पिस्तुलाचं माप ब्राउनिंगचंच, सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीचं. कानपूरचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं, अर्धा किलोचं, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. पिस्तूल चपटं, म्हणून खिशात कमी उठून दिसतं. रिव्हॉल्व्हर चक्रामुळे फुगीर, पण वापरायला सोपं. दोन्हींत खिशात किल्ल्या-नाणी ठेवायची नाहीत आणि चाप उघडा राहील असं ठेवायचं नाही.

मग विचारलं, "अरे, आमच्या गार्डची दुनाळी लांबूनच दिसायची. तीस-पस्तीस वर्षांत ती एकदाही झाडावी लागली नाही. दिसत होती म्हणूनच. तुझं कुणाला दिसणारच नाही, मग त्याला बघून थांबणार कोण? लपवलेलं शस्त्र कुणाला अडवत नाही. ते बाहेर आलं की गोळीच सुटते. नाशिकला तेच झालं, दिल्लीतही तेच."

तो थोडा वेळ गप्प बसला. म्हणाला, "काका, पण भीती वाटते हो." हे मात्र खरं होतं, आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जमिनीच्या व्यवहारात रोख रक्कम कमी कर, बँकेतून कर, एवढंच सांगितलं. शेवटी मी बँकवालाच.

परवा त्याचा फोन आला. अजून घेतलेलं नाही, विचार चालू आहे म्हणाला.

तुमच्यापैकी ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या घरांत १९४८ च्या त्या दिवसांबद्दल वडीलधारे काही बोलले असतील, किंवा मुद्दाम बोलले नसतील, तर जरूर लिहा. आमची पिढी आहे तोवर हे कागदावर यावं असं वाटतं.