झिन्फांडेल चाखण्याआधी

या पुस्तकाचा विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे. एकच द्राक्ष, झिन्फांडेल. त्याची लाल, गडद, भरदार वाइन. आणि ती वाइन कशी पारखायची, एवढंच. चवीचा आणि वासाचा अभ्यास एका वस्तूपाशी बराच वेळ थांबल्याशिवाय होत नाही. पन्नास वाइनची नावं पाठ असणारा माणूस मैफलीत शोभतो. या अभ्यासाला मात्र एकाच ग्लासात पिकलेल्या फळाचा वास कुठे संपतो आणि वाळलेल्या फळाचा कुठे सुरू होतो, हे शोधत बसणारा माणूस हवा असतो. त्याचं इथे मनापासून स्वागत आहे, मग त्याने आजवर वाइनची बाटली हातात धरली नसली तरी चालेल.

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट आधी बोलली पाहिजे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पाच दशकांपासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, आणि आमच्या जिल्ह्यातही बायांनी दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरून मागणी केली आहे. ती मागणी कुठल्या घरांतून आली हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी त्या बायांच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच हा फरक ठामपणे मांडतो: पारखणं म्हणजे पिणं नव्हे. परीक्षकाच्या टेबलावर ग्लासाइतकीच पिकदाणी आवश्यक असते. घोट तोंडात घोळवायचा, त्याची नोंद करायची आणि तो थुंकायचा. जो गिळतो त्याची जीभ आणि नाक काही नमुन्यांतच बोथट होतात आणि त्याच्या पुढच्या नोंदींना किंमत उरत नाही. शिवाय या अभ्यासाचा निम्मा भाग बाटली न उघडताच करता येतो. कसा, ते पुढे येईलच.

झिन्फांडेलची कुळकथा थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा वेल युरोपातून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आला. तिथे काचेच्या उबदार घरांत त्याची द्राक्षं खाण्यासाठी पिकवत. सोन्याच्या शोधात माणसं कॅलिफोर्नियाला निघाली, तेव्हा तोही पश्चिमेला गेला आणि वाइनचं द्राक्ष झाला. पुढे शंभरेक वर्षं ते अमेरिकेचंच द्राक्ष मानलं गेलं. १९६७ साली ऑस्टिन गोहीन या वनस्पतिरोगतज्ज्ञाला इटलीच्या दक्षिणेत, पुलिया प्रांतात, प्रिमितिवो नावाचं द्राक्ष थेट झिन्फांडेलसारखं वाटलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोल मेरेडिथ यांनी १९९० च्या दशकात डीएनए तपासून दोन्ही एकच असल्याचं दाखवलं. मूळ मात्र इटलीतही नव्हतं. मेरेडिथ आणि झाग्रेबचे इवान पेयिच व एदी मालेतिच यांनी क्रोएशियाचा किनारा पिंजून काढला. २००१ च्या अखेरीस काश्तेला भागातल्या एका जुन्या मळ्यातल्या मोजक्या वेलींशी तपासणी जुळली. स्थानिक लोक त्या वेलीला त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की म्हणत. तिचं आणखी जुनं नाव त्रिबिद्राग. जगभर लाखो बाटल्यांवर नाव असलेल्या द्राक्षाच्या मायभूमीत त्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेली उरल्या होत्या.

हा इतिहास रंजक आहे, पण पारखणाऱ्याने जास्त वेळ द्यावा तो झिन्फांडेलच्या घडाला. हा घड एकसारखा पिकत नाही. एकाच घडात एका बाजूला हिरवट, आंबट मणी, मधे नीट पिकलेले मणी आणि उन्हाच्या बाजूला सुकून सुरकुतलेले, जवळजवळ मनुका झालेले मणी एकाच दिवशी सापडतात. शेतकऱ्याने हिरव्या मण्यांची वाट पाहिली तर बाकीचे सुकतात. लवकर तोडणी केली तर वाइनमध्ये कच्चेपणा उतरतो. शिवाय घड गच्च आणि साल पातळ, त्यामुळे पावसाने कुजण्याची भीती वेगळीच. खरा चकवा तर टाकीत बसतो. ठेचलेल्या द्राक्षांच्या रसाचं ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजावं तर आज एक आकडा येतो आणि एक-दोन दिवसांनी त्याहून मोठा. सुकलेले मणी रसात भिजून फुगतात आणि आपली साखर हळूहळू सोडतात. म्हणून चोवीस समजून घेतलेला रस सव्वीसचा निघतो. ब्रिक्सच्या आकड्याला ०.५५ ते ०.६० ने गुणलं की अल्कोहोलचा अदमास येतो. सव्वीसचे पंधरा टक्के होतात. भरदार झिन्फांडेलचा भरदारपणा बराचसा इथून येतो. तिचं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, सहसा मध्यम असतं. जिभेवरचं वजन मुख्यतः अल्कोहोलचं आणि पिकलेल्या फळाचं असतं.

म्हणूनच या वाइनची परीक्षा घेताना मी एकच प्रश्न मध्यभागी ठेवतो. घडातले ते तीन प्रकारचे मणी ग्लासात एकत्र नांदतात की एकमेकांवर कुरघोडी करतात? ताज्या काळ्या फळाचा वास पुढे, मनुका-खजुराचा मागे आणि त्यांना उचलून धरणारं आम्ल शेवटपर्यंत जागं, अशी वाइन उत्तम. मनुकाच मनुका आणि घशात जळजळ, ही वाइन कितीही दाट असली तरी माझ्या लेखी कमी दर्जाची. दाटपणालाच गुण समजण्याची सवय या द्राक्षाच्या बाबतीत फार पसरली आहे. ती मोडावी, हा या पुस्तकाचा एक हेतू आहे.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कडेचा रंग पाहावा: जांभळट असेल तर वाइन तरुण, विटकरी असेल तर वयाची. ग्लास फिरवल्यावर काचेवरून ओघळणाऱ्या धारांना अनेक जण दर्जाची खूण मानतात, पण त्या अल्कोहोल आणि पाणी यांच्या पृष्ठताणातल्या फरकामुळे दिसतात. वाइन तीव्र आहे एवढंच त्या सांगतात.

नाकापाशी मात्र थांबू. डेव्हिसच्याच अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वासांचं एक चक्र मांडलं. मधल्या वर्तुळात 'फळ', 'मसाला', 'लाकूड' असे ढोबळ गट, आणि बाहेर सरकत जावं तसे नेमके वास. त्यांनी एक कडक शिस्तही लावली: 'सुरेख', 'उमदी' असले शब्द बाद, कारण ते तपासता येत नाहीत. वास असा सांगायचा की तोच पदार्थ समोर ठेवून दुसऱ्याला पडताळता आला पाहिजे. चक्रातल्या पदार्थांचे नमुने करण्याची कृतीही त्यांनी दिली: साध्या वाइनमध्ये त्या पदार्थाचा अंश टाकायचा, ग्लास झाकायचा आणि हुंगून वास लक्षात ठेवायचा.

आता चक्रातल्या ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून विदर्भातल्या वाचकाने मागे राहायचं कारण नाही. पावसाच्या तोंडावर येणारं जांभूळ, तुती, मनुका, खजूर, सुकं अंजीर, काळी मिरी, लवंग, ज्येष्ठमध, काकवी, किसलेलं सुकं खोबरं, एवढ्या झाकणाच्या बरण्या भरल्या की झिन्फांडेलच्या अभ्यासाची निम्मी सामग्री तयार झाली. खोबरं यात कशाला, असं वाटेल. अमेरिकन ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला खोबऱ्याचा आणि व्हॅनिलाचा वास लागतो. तो ओळखता आला नाही तर लाकडाचं श्रेय फळाला दिलं जातं. या यादीत मी आणखी एक बरणी ठेवतो, वाळलेल्या मोहफुलांची. फाल्गुन-चैत्रात पहाटे वेचलेली फुलं वाळली की त्यांचा गोड, जडसर आणि किंचित आंबूस वास येतो. जास्त पिकलेल्या द्राक्षाच्या वाइनमध्ये जो जडपणा येतो, त्याच्या जवळ जाणारा यापेक्षा नेमका नमुना मला दुसरा सापडलेला नाही. या बरण्या डोळे बांधून ओळखायला लागावं. घरच्या मुलांनाही यात घेता येतं आणि बहुतेक वेळा ती मोठ्यांच्या पुढे जातात.

मिरीच्या बरणीबद्दल एक सावधगिरी. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझ वाइनमधला मिरीचा वास रोटुंडोन या रेणूचा असल्याचं दाखवलं. खऱ्या काळ्या मिरीतही तोच रेणू असतो. त्याच अभ्यासात सुमारे पाचव्या हिश्शाच्या चाखणाऱ्यांना हा रेणू भरपूर असतानाही जाणवला नाही. दोष सरावाचा नव्हता, नाकाची घडणच तशी होती. म्हणून एकट्याच्या नाकावर निकाल देऊ नये. तीन-चार जणांनी वेगवेगळं लिहावं, एकमेकांकडे न पाहता, आणि मग बोलावं.

तोंडातली तपासणी शिकवताना मी एक सोपा प्रयोग करायला लावतो. झिन्फांडेल 'गोड लागते' असं बहुतेक नवे लोक म्हणतात. घोट घेऊन नाक चिमटीत धरावं. गोडी तशीच राहिली तर वाइनमध्ये साखर उरली आहे. गोडी विरली तर ती जिभेची नव्हतीच. घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढणाऱ्या पिकलेल्या फळाच्या वासाची होती. (अल्कोहोललाही स्वतःची थोडी गोडी असते, ती हिशेबात धरावी.) या एका चिमटीने लेबलवरच्या 'ड्राय', म्हणजे साखर न उरलेली, या शब्दाची खातरजमा होते.

निकालाकडे येताना मला आमच्या बाजार समितीतला कापूस आठवतो. गाडीवर चढलेला जाणता माणूस कापसाचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो, धाग्याची लांबी, ओलावा आणि कवडी पाहतो आणि भाव बोलतो. आज धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअर, म्हणजे धाग्याचा बारीकपणा, यंत्र मोजतं, तरी त्या हाताची गरज संपलेली नाही. मात्र त्या हाताला रोज यंत्राच्या आकड्यासमोर उभं राहावं लागतं. वाइनच्या परीक्षकानेही तसंच उभं राहावं. डेव्हिसमध्ये वीस गुणांची पद्धत बसवली गेली, नंतर अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्यामुळे शंभर गुणांची पद्धत बोकाळली. गुण द्यायला हरकत नाही, पण प्रत्येक गुणामागे पडताळता येईल असं वाक्य हवं. बोर्दोमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना वासहीन लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली होती. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या माणसाचंही नाक डोळ्यांच्या मागे जातं. म्हणून बाटली झाकूनच परीक्षा घ्यावी; किंमत आणि नाव शेवटी उघडावं.

आता आपल्या घरच्या झिन्फांडेलकडे. कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला ही वाइनरी उभी केली, सोनोमाचे केरी डॅम्स्की यांचं मार्गदर्शन घेतलं आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. झिन्फांडेलही सुलाने लावलं आणि त्याची लाल आणि गुलाबी, दोन्ही वाइन केल्या. नाशिक आणि लोहारा जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, विषुववृत्ताच्या उत्तरेला वीस अंशांच्या आसपास. काश्तेला त्रेचाळीस अंशांच्याही पुढे आहे. या अंतराचा अर्थ छाटणीत दिसतो. आपल्याकडे हिवाळ्यात वेल झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा संपताना फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून त्याला वेळापत्रक लावून द्यावं लागतं. तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे युरोप-कॅलिफोर्नियात द्राक्ष थंडीकडे सरकत पिकतं आणि आपल्याकडे उन्हाळ्याकडे. शेवटच्या काही दिवसांत साखर झपाट्याने चढते, आम्ल तितक्याच वेगाने उतरतं. मुळातच असमान पिकणाऱ्या या द्राक्षाची तोडणी नेमकी कोणत्या दिवशी करायची, हा निर्णय नाशिकमध्ये जास्त अवघड आहे. त्यामुळे इथली वाइन कॅलिफोर्नियाच्या शंभर वर्षांच्या वेलींच्या मापाने मोजणं अन्यायाचं आहे, आणि 'आपली आहे' म्हणून सूट देणंही तितकंच चूक. तिने आधी मध्यभागी ठेवलेल्या त्या तीन प्रकारच्या मण्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, बस.

विदर्भातल्या वाचकासाठी एक शेवटची तांत्रिक गोष्ट, जी परदेशी पुस्तकांत मिळणार नाही. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' चाखावी असं तिथे छापलेलं असतं. ती खोली थंड देशातली, सोळा-अठरा अंशांची. यवतमाळात मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे असतो. या उष्णतेत पंधरा टक्क्यांची झिन्फांडेल ओतली तर नाकात फक्त अल्कोहोलचा झणका येईल आणि चांगली वाइनही नापास होईल. बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवून सोळा अंशांवर आणावी, ग्लासात दोन-तीन घोटांपुरतीच ओतावी, आणि जमल्यास तापमान मोजून नोंदीच्या शेजारी लिहावं. तीच वाइन सोळा आणि सव्वीस अंशांवर हुंगून पाहणं हा स्वतंत्र धडा आहे. दुपारी बारानंतर उन्हाळ्यात परीक्षा घेऊच नये.

पुस्तकाची सुरुवात बाटलीने होत नाही. पहिल्या प्रकरणात काळा चहा आहे. एक कप तीन मिनिटं उकळलेला, एक सहा मिनिटं. टॅनिनचा तुरटपणा हिरड्यांवर कसा बसतो ते त्यातून कळतं. मग तीन कप मांडायचे, दोन एकसारखे आणि एक वेगळा. दुसऱ्या कुणी तरी पाठ फिरवून क्रम लावायचा आणि आपण वेगळा कप शोधायचा. नुसत्या अंदाजाने तिनांत एकदा उत्तर बरोबर येतंच, म्हणून एका यशावर थांबू नये. दहा-बारा वेळा करावं आणि चुकलेली उत्तरंही वहीत तारखेसह लिहावीत. दुसरं प्रकरण बरण्यांचं आहे, आणि बूच निघतं ते तिसऱ्यात.

लोहारा, जि. यवतमाळ