हिमरेषा आणि कालव्याची रेषा



बारामती एमआयडीसीत बसून बर्फाळ प्रदेशाबद्दल बोलायचं, म्हणजे काहींच्या कपाळावर आठ्या पडणारच. आपल्याकडे बर्फ म्हटला की रसवंतीतला, नाहीतर गारपिटीचा. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथेही बर्फ साचून राहत नाही. तरीही इथली मुलं व्हिडिओ गेमच्या मॅप एडिटरमध्ये हिमशिखरं उभी करतात. न पाहिलेली गोष्ट माणूस घडवतो कशी? हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. आज आपण तो या एडिटरच्या छोट्याशा इतिहासातून पाहू.

सुरुवात रंगापासून झाली. १९९५ साली ‘वॉरक्राफ्ट २’ हा खेळ आला, त्यासोबत नकाशा तयार करण्याचं साधनही होतं. जमीन म्हणजे चौकोनी फरश्या. हिरव्या फरश्यांऐवजी पांढऱ्यांचा संच निवडला की झाला हिवाळा! शिपाई मात्र गवतावर चालावा तसाच बर्फावर चालायचा. बर्फ दिसत होता, पण वागत नव्हता.

मग बर्फाला वागणूक आली. १९९९ च्या ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ मध्ये गवतावरून एक घर पुढे जायला १०० गुण खर्ची पडत, बर्फावरून १५०. आता नकाशा करणाऱ्याला विचार करावा लागला: वाटेत बर्फ टाकला तर कोणाला उशीर होईल? पुढे अनेक खेळांत गोठलेल्या तळ्याचं घर्षण कमी केलं गेलं, म्हणजे पाय घसरू लागला.

तिसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची, ती उंचीची. तिची मुळं आणखी मागे जातात. १९८० मध्ये लॉरेन कार्पेंटर यांनी फ्रॅक्टल गणिताने डोंगररांगा उभ्या करून एक लघुपट दाखवला. १९८५ मध्ये केन पर्लिन यांनी नैसर्गिक वाटणारा खडबडीतपणा गणिताने निर्माण करण्याची रीत मांडली. आजच्या एडिटरमध्ये डोंगर म्हणजे करड्या छटांचं एक चित्र असतं. काळं तिथे खोल, पांढरं तिथे उंच. ८ बिटांत उंचीच्या २५६ पायऱ्या मिळतात, त्यामुळे उतारावर जिने दिसू लागतात. १६ बिटांत ६५,५३६ मिळतात आणि उतार सलग होतो.

यावर नियम लावायचा. अमुक उंचीच्या वर बर्फ. कडा फार उभा असेल तर तिथे बर्फ टिकत नाही, खडक उघडा ठेवा. सावलीत बर्फाला निळसर छटा द्या, कारण तिथे पोचतो तो आकाशाचा उजेड. एवढं सांगितलं की ब्रशने पांढरा रंग फासावा लागत नाही. बर्फ नियमातून पडतो.

कणादांनी वैशेषिक दर्शनात पाण्याचं गोठणं आणि वितळणं, दोन्हींचा संबंध तेजाच्या संयोगाशी जोडला आहे. म्हणजे बर्फ समजायचा तर पांढरेपणाशी थांबून चालत नाही, कारणापर्यंत जावं लागतं. एडिटर करणारेही रंगाकडून कारणाकडेच गेले.

आता आपल्या गावाकडे या. जिच्यावर बर्फ आणि खाली गवत, ती हिमरेषा. तशी एक रेषा आपल्या तालुक्यातून गेली आहे, बरं का! १८७६-७८ च्या दुष्काळानंतर, १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा झाला. कालवा अगदी मंद उताराने, जवळजवळ एकाच उंचीवरून न्यावा लागतो. पाणी आपणहून चढत नाही, म्हणून कालव्याच्या खालचं, नीरेकडचं रान बागायत झालं आणि वरचं जिरायत राहिलं. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांत उंचीनेच रानाचा रंग ठरवला. खाली ऊस, वर पावसाच्या भरवशाची ज्वारी. हिमरेषा म्हणजे काय, हे इथल्या मुलाला हिमालयात जाऊन शिकावं लागत नाही.

फरक एवढाच, की एडिटरमध्ये एक आकडा बदलला की रेषा क्षणात वर सरकते. जमिनीवर ती सरकवायला जनाई-शिरसाईसारखी उपसा योजना लागते, पंप लागतात, विजेचं बिल लागतं. आणि तोवर रेषेच्या वरच्या गावातली बाई टँकरची वाट पाहत उभी असते.

म्हणून इथल्या तरुणांना माझं सांगणं आहे. हिमशिखरं जरूर करा. पण एकदा तोच नियम वापरून आपल्या तालुक्याचा नकाशा करून बघा. कालव्याची रेषा ओढा आणि रेषेच्या वरच्या बाजूने खेळ सुरू करा. पाऊल टाकायला तिथे किती गुण लागतात, ते तुम्हीच ठरवा. ठरवण्याआधी वरच्या गावात जाऊन विचारून या.