अज्ञात वाहनाची कैफियत

बालाघाट शहर सोडून गांगुलपाऱ्याच्या बाजूने घाट चढू लागलेला रस्ता बैहरच्या पठारावर पोचतो आणि तेथून सालवनाच्या छायेतून मलाजखंडच्या ताम्रखाणीकडे जातो. त्या रस्त्यावरील कचेऱ्यांत आज मराठी अक्षर क्वचितच दृष्टीस पडत असले, तरी या मुलखाची कुळकथा नागपूरच्या इतिहासापासून वेगळी काढता येत नाही. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर हा प्रदेश कंपनी सरकारच्या अंमलाखाली गेला. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. कर्नल ब्लूमफील्ड नावाच्या डेप्युटी कमिशनरने सपाटीवरील पोवार शेतकऱ्यांना उत्तेजन देऊन ओसाड पठारावर वसाहती करविल्या. आणि १९५६ पर्यंत येथल्या माणसाचे मोठे दिवाणी अपील नागपुरासच चालत असे. पुढे राज्यपुनर्रचनेने उच्च न्यायालय जबलपुरास गेले, परंतु सोयरीक, दवाखाना आणि मोटारीचे सुटे भाग यांसाठी गोंदिया-नागपूरची वाट काही बंद झाली नाही.

मोटारीच्या विम्याचा खोटा दावा हा विषय वर्तमानपत्राच्या गुन्हेवृत्तात शोभणारा वाटतो. मला मात्र तो कायद्याच्या इतिहासाचा विषय वाटतो, आणि तो समजून घेण्यास मलाजखंडसारखे स्थळ फार सोयीचे आहे. जेथे रात्रंदिवस जड वाहने धावतात, जेथे अरण्यातील वळणावर झालेला अपघात पाहावयास कोणी नसते, आणि जेथून जिल्ह्याचे मोठे इस्पितळ नव्वद-एक किलोमीटर लांब पडते, तेथे धडक देऊन गेलेल्या गाडीचा क्रमांक कोणी वाचलेला नसतो. आणि ज्याचा क्रमांक कोणी वाचलेला नाही अशा गाडीभोवतीच या कुप्रथेचा बराचसा इतिहास फिरत आला आहे.

मोटारीपूर्वीच्या काळात बंजाऱ्यांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर माल वाहिला, त्या काळी जोखीम उचलणारा सावकार आणि माल पाठविणारा व्यापारी एकमेकांस ओळखून असत. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच द्यावयाचे असत, आणि नुकसानीची खोटी वार्ता सांगणाऱ्याची पेढीवरची पत एकदाच बुडत असे. त्या व्यवहारात तिसरा, अपरिचित मनुष्य नव्हता. गाडीखाली सापडलेल्या परक्या वाटसरूच्या वारसांना नुकसानभरपाई मिळावी ही कल्पना १८५५ च्या प्राणघातक अपघातांसंबंधीच्या कायद्याने आणली खरी, पण त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागे, रकमेच्या प्रमाणात मुद्रांकशुल्क भरावे लागे, आणि हुकूमनामा हाती आल्यावर मोटारमालक कफल्लक निघाला तर तो कागद दिवाणखान्यात टांगण्यापलीकडे उपयोगाचा नसे. त्या काळी खोटे दावे विरळ असत याचे श्रेय लोकांच्या सचोटीस देण्याचा मोह होतो; परंतु खोटे बोलण्यासाठीही आधी कोर्ट-फी भरावी लागत होती, ही गोष्ट विसरता कामा नये.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने ब्रिटनमधील १९३० च्या कायद्याचे अनुकरण करून तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा सक्तीचा केला, आणि ते प्रकरण प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून अमलात आले. हा बदल फार मोठा होता. आता गाडीमालकाच्या मागे एक पैसेवाली संस्था उभी राहिली आणि गरिबाच्या हुकूमनाम्याला किंमत आली. पण या कायद्यात एक विलक्षण फट होती. विमा कंपनीने कोणत्या मुद्द्यांवर दाव्याचा प्रतिकार करावा याची यादी कायद्यानेच घालून दिली होती, आणि ‘हा अपघात घडलाच नाही’ किंवा ‘आमच्या विमेदाराचा यात दोष नाही’ असे म्हणण्याची मुभा त्या यादीत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तसा स्पष्ट निर्वाळाही दिला. म्हणजे पैसे देणाऱ्याने गप्प बसावयाचे, आणि ज्याला पैसे द्यावयाचे नाहीत त्या मालकाने बोलावयाचे! विमा आहे म्हणून निश्चिंत असलेला मालक हजर झाला नाही, किंवा हजर होऊन ‘होय, माझ्याच गाडीने’ म्हणून मोकळा झाला, तर कंपनीच्या वकिलाच्या हाती काही उरत नसे.

दरम्यान १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणे आली, शुल्क नाममात्र झाले आणि दिवाणी न्यायालयाची लांबलचक वाट पुष्कळशी आखूड झाली. ही सोय खऱ्यासाठी केलेली होती, पण खोट्यासही ती त्याच दाराने मिळाली. एवढ्यावरून सोय करणाऱ्यांस दोष देणे मला अन्यायाचे वाटते. संसदेच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही याचा पुरावा १९६९ च्या दुरुस्तीत आहे: दावेदार आणि मालक यांचे संगनमत दिसल्यास, किंवा मालक प्रतिकारच करीत नसल्यास, न्यायाधिकरणाने कारणे नमूद करून विमा कंपनीस सर्व मुद्द्यांवर लढण्याची परवानगी द्यावी, असे कलम घालण्यात आले. एका कल्याणकारी कायद्यात संगनमताचा उघड उल्लेख करावा लागला, यावरूनच तोपर्यंत काय काय घडले असेल याची कल्पना येते. तेच कलम पुढे १९८८ च्या कायद्यात १७० या क्रमांकाने राहिले.

हिंदुस्तान कॉपर या १९६७ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीचा मलाजखंड प्रकल्प १९८२ मध्ये सुरू झाला आणि ज्या पठारावर बैलगाडीचे चाक हेच मोठे चाक होते, तेथे मनुष्याच्या उंचीहून उंच चाकांचे डंपर फिरू लागले. योगायोग असा की मोटार अपघातांच्या कायद्यातील एक महत्त्वाची दुरुस्तीही त्याच वर्षीची आहे. १ ऑक्टोबर १९८२ पासून दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल १५,००० रुपये मिळण्याची तरतूद झाली, आणि धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही तर मृताच्या वारसांस ५,००० रुपये सांत्वनपर मिळावेत अशी योजना निघाली. या दोन आकड्यांतील अंतर पाहावे. पुढे १९८८ च्या कायद्याने मनुष्यहानीबाबतची विमा कंपनीच्या दायित्वाची मर्यादा काढून टाकली, तेव्हा ज्ञात वाहनाच्या दाव्यातून लाखो रुपये मिळू लागले, आणि अज्ञात वाहनाची रक्कम १९९४ नंतरही २५,००० वर अडून बसली. अशा स्थितीत कर्ता पुरुष गमावलेल्या घरात कोणी येऊन हलक्या आवाजात ‘गाडीचा नंबर मिळू शकतो’ असे म्हटले, तर त्या घराने काय करावे? मी त्या घराची वकिली करीत नाही, पण खोट्या दाव्याचे मूळ शोधताना लबाड मनुष्यापाशी थांबणे म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबणे होय, असे माझे मत आहे.

अशा दाव्याचे कागद एकदा ओळीने लावून पाहावेत. त्यांची घडण सर्वत्र एकाच साच्याची असते. प्रथम मर्ग दाखल झालेला असतो, किंवा घटनास्थळीच लिहिलेली ‘देहाती नालिशी’ असते, आणि तीत ‘अज्ञात वाहनाने’ असे शब्द असतात. कधी इस्पितळाच्या पहिल्या कागदावर डॉक्टरने रुग्णाच्या किंवा सोबत्याच्या तोंडून ऐकून ‘मोटारसायकल घसरून पडला’ असे टिपलेले असते. मग काही आठवडे दफ्तर स्तब्ध राहते. नंतर अकस्मात एक साक्षीदार प्रकट होतो, जो बहुधा नात्यातला असतो, अपघाताच्या वेळी योगायोगाने तेथूनच जात असतो, आणि ज्याने मधल्या काळात हे कोणालाच सांगितलेले नसते; त्याच्या जबानीत गाडीचा संपूर्ण क्रमांक, चालकाचे नाव आणि वेग हे सारे अचूक येते. गाडी जप्त होते, तिच्या यांत्रिक तपासणीत धडकेची खूण सापडत नाही, आणि सुपुर्दनाम्यावर ती परत जाते. या गाडीचा विमा मात्र अपघाताच्या दिवशी निश्चितपणे चालू असतो.

याहून निराळा, आणि माझ्या समजुतीने अधिक करुण प्रकार म्हणजे निव्वळ चुकीचा दावा. बालाघाटच्या गाड्यांवर एम. पी. ५०, मंडल्याच्या गाड्यांवर एम. पी. ५१ आणि गोंदियाच्या गाड्यांवर एम. एच. ३५ अशी अक्षरे असतात. धुळीने माखलेल्या पाटीवरचा एखादा अंक अंधारात चुकीचा वाचला की शंभर कोसांवरच्या कोणा निरपराध मालकाच्या दारात न्यायाधिकरणाचे समन्स येते. तो मालक पहिली चूक करतो ती समन्स बाजूस ठेवण्याची, आणि त्याचा चालक दुसरी चूक करतो ती गाडी लवकर सुटावी म्हणून फौजदारी न्यायालयात गुन्हा कबूल करून किरकोळ दंड भरण्याची. तो कबुलीजबाब पुढे भरपाईच्या खटल्यात त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून येतो. अनुभवी वाहतूकदार म्हणून समन्साची प्रत त्याच दिवशी विमा कंपनीस पोच घेऊन देतात, लेखी कैफियत दाखल करतात, पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करतात, आणि त्या तारखेची धर्मकाट्याची पावती, रॉयल्टीचा कागद, डिझेलचे बिल, फास्टॅगची नोंद यांची जुळवाजुळव करतात. गाडी त्या रात्री दुसरीकडे होती हे अशा चार चिठोऱ्यांनी जितके सिद्ध होते तितके शपथेने होत नाही.

खाणीच्या आवारातील वाहनांचा प्रश्न आणखी निराळा. सक्तीचा विमा सार्वजनिक स्थळी चालणाऱ्या वाहनास लागू. मग कुंपणाआतील डंपराचे काय? डंपर हे मोटार वाहन आहे की नाही यावर ओरिसाच्या खाणींच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात वारंवार वाद झाला आणि १९९२ मध्ये रबरी टायरचे डंपर मोटार वाहनच ठरले. ‘सार्वजनिक स्थळ’ या संज्ञेचा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९८८ मध्ये विस्तृत अर्थ केला. तरीही आत घडलेला अपघात बाहेरच्या रस्त्यावर घडला असे दाखविण्याचा मोह, किंवा त्याच्या उलट, दोन्ही बाजूंना होऊ शकतो. स्थळाचा पंचनामा हा अशा वेळी सर्वांत मौल्यवान कागद ठरतो.

कपटाने मिळविलेला निवाडा न्यायाधिकरणास स्वतःच मागे घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये ठरविले. कपट आणि न्याय एकत्र नांदत नाहीत या जुन्या लॅटिन वचनाचा आधार तेथे घेण्यात आला. पुढे उत्तर प्रदेशात हे प्रकरण इतके माजले की अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये खोट्या दाव्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमण्याचा हुकूम दिला, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तपासाच्या मंदगतीवर नाराजी व्यक्त केल्यावर वकील परिषदेने २८ वकिलांना निलंबित केले. या साऱ्याचा भुर्दंड शेवटी कोणावर पडतो? विमा कंपनी प्रत्येक दाव्याकडे संशयाने पाहू लागते, आणि बैहरच्या जंगलातील एखाद्या गोंड किंवा बैगा विधवेचा पूर्णपणे खरा दावाही फिर्याद चार दिवस उशिरा झाली एवढ्याच कारणास्तव संशयित ठरतो, मग ते चार दिवस तिने नवऱ्याच्या उशाशी इस्पितळात काढलेले का असेनात.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी पोलिसांस ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणास देणे बंधनकारक केले आहे; दावा सहा महिन्यांत दाखल करण्याची १९९४ साली काढून टाकलेली मुदतही त्याच दिवसापासून परत आली. उशिरा उगवणाऱ्या साक्षीदारास यामुळे आळा बसेल, पण तहसिलीच्या गावापर्यंत पायी येणाऱ्या वारसास ही मुदत जाचक होणार, हे मला स्पष्ट दिसते. त्याच दिवशी अज्ञात वाहनाच्या धडकेने झालेल्या मृत्यूची भरपाई २५,००० वरून २ लाख रुपयांवर नेण्यात आली. खोटे क्रमांक शोधणाऱ्यांचा धंदा बसविण्याच्या कामी सगळ्या तपास पथकांहून या एका वाढीचा उपयोग अधिक होईल, असे मला वाटते. मात्र ती रक्कम मागण्यासाठी अर्ज तहसील कचेरीत करावयाचा असतो, ही गोष्ट पठारावरच्या किती घरांपर्यंत पोचली आहे हे बैहर आणि बिरसा येथील कचेऱ्यांनी आपापल्या आवक बारनिशीत पाहावे.