द्राक्षवेल : फळाची वाढ व क्षारसहिष्णुता (सोलापूर)

सोलापूर जिल्ह्यातील कलमी द्राक्षवेल ही वस्तुतः दोन वनस्पतींची जोडणी असते. मुळे अमेरिकी वन्य जातीच्या खुंटाची, तर वरील फळधारी भाग व्हायटिस व्हिनिफेरा या जातीचा असतो. त्यामुळे फळाचे गुण एका वेलीच्या जनुकांवर (गुणसूत्रांवरील आनुवंशिक लक्षणे ठरविणाऱ्या घटकांवर) आणि खारे पाणी सोसण्याची क्षमता बऱ्याच अंशी दुसऱ्या वेलीच्या जनुकांवर अवलंबून असते. ही विभागणी बागाईतदारांनी केली, तेव्हा ती जनुके कोणती हे कोणासच माहीत नव्हते.

थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाचा महाराष्ट्रात १९६० नंतर प्रसार झाला. बी धरत नसल्याने या वेलीचा मादी म्हणून नेहमीच्या पद्धतीने संकर करता येत नाही. फांदीवर आपोआप घडलेले उत्परिवर्तन (आनुवंशिक लक्षणांतील आकस्मिक बदल) नजरेने टिपणे हा एक मार्ग उरतो. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी तो अवलंबिला. थॉमसनपासून लांबट मण्यांचा सोनाका व किशमिश चोर्नीपासून काळा शरद सीडलेस हे प्रकार त्यांनी निवडले. प्रयोगशाळेविना झालेले हे काम उच्च प्रतीचे मानावे लागते.

थॉमसनमध्ये फलन होते. परंतु बीजाचे कवच कठीण होत नाही व बीज खुरटते. एजीएल ११ या जनुकातील बदलामुळे प्रथिनातील एकच ॲमिनो अम्ल बदलते व त्यातून हे घडते, असे स्पेनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखविले. बीज खुरटल्याने त्यापासून मिळणारे वृद्धिद्रव्यही कमी पडते. म्हणून घड जिबरेलिक अम्लाच्या विद्रावात बुडवून मणी फुगवितात. जनुकातील उणीव अशी दरवर्षी बाहेरून भरून काढावी लागते.

क्षाराचा प्रश्न अधिक बिकट ठरला. कमी पाऊस, भारी काळी जमीन व विंधन विहिरींचे मचूळ पाणी यांमुळे स्वमुळांवरील बागा खालावू लागल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस टेक्ससमधील डॉगरिज हा खुंट सर्वत्र आला. बागेत आधी खुंट लावून त्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाचर कलम करतात. त्याने अवर्षण सोसले. पण काही वर्षांनी अनेक बागांत पानांच्या कडा करपू लागल्या, कारण पानांत सोडियम साचत होते. कलमाचा खर्च करून उभी केलेली बाग खुंट बदलण्यासाठी उपटणे लहान शेतकऱ्यास परवडत नाही.

मुळांतून वर चढणाऱ्या रसातील सोडियम वाटेतच काढून घेणारे एचकेटी १;१ हे जनुक ऑस्ट्रेलियात अभ्यासले गेले (२०१८). १४० रुजेरी या खुंटात ते प्रभावी, तर के ५१-४० या खुंटात दुर्बल आढळले; के ५१-४० चा एक जनक डॉगरिज आहे. मात्र सारा दोष एका जनुकावर टाकणे योग्य नाही. पाण्याची प्रत व निचरा यांचाही त्यात वाटा असतो. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चाचण्यांत ११० आर सारख्या खुंटांवरील वेलींच्या पानांत सोडियम तुलनेने कमी साचल्याचे दिसून आले.